निवृत्तीला वाचता येत नसल्याचा दाखला

वडनेर भोलजीच्या निवृत्ती पुंजाजी घोपेला विलायतेतल्या विद्यापीठाने शेतीशास्त्राची पदवी दिली, आणि तीही वरच्या वर्गात. आता हे वाक्य वाचकांनी विसरून जावं. असं काहीही घडलेलं नाही. निवृत्ती अजून वडनेरलाच आहे, पदवी विलायतेतच आहे, आणि दोघांच्या मधे एक दाखला आडवा पडलेला आहे.

दाखला तसा साधा होता. निवृत्तीला वाचता येत नाही, एवढंच कुणीतरी लिहून द्यायचं होतं.

"काय म्हन्ते तो कागद?" पुंजाजींनी विचारलं. ते ओसरीत वखराची लोखंडी पास घासत बसले होते.

विलायतेचं पत्र निवृत्तीच्या धाकट्या बहिणीच्या, कोकिळाच्या हातात होतं. ती मॅट्रिक झालेली, त्यामुळे घरात आलेला कुठलाही कागद आधी तिच्या हातात जाई. "दादाले जागा देल्ली म्हन्तात, बा. पन सरकारी डॉक्टरचा दाखला पायजे. डोये चांगले, डोकं चांगलं, तरी वाचता येत नाई, असा."

"लोकं येते म्हून दाखला आनतात. आपून येत नाई म्हून आनाचा?"

"हाव."

"अन् त्याच्यावर कालेजात घेतीन?"

"हाव."

पुंजाजींनी पास खाली ठेवली. "मंग मले काऊन नाई बोलावलं आतापरेंत?"

पुंजाजींना वाचता येत नव्हतं, कारण त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. निवृत्तीची गोष्ट वेगळी होती. त्याला सगळ्यांनी शिकवलं होतं. तरीही अक्षरं त्याच्यापुढे उभी राहत नसत. पाटाच्या पाण्यात हात घालून मासोळी धरावी तसं त्याचं वाचन चाले: हात भिजे, मासोळी शेजारच्या ओळीत. एक परिच्छेद वाचून होईतो त्याचा सदरा घामाने ओला होई आणि परिच्छेदाचा अर्थ कोरडाच राही.

कानांचं मात्र उलट होतं. एकदा आत गेलेलं त्यातून बाहेर येत नसे. शेतकी कॉलेजातली त्याची पुस्तकं कोकिळाने दर सुटीत मोठ्याने वाचली होती. मातीचं शास्त्र तिने भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता संपवलं, कपाशीवरच्या किडी गहू निवडता निवडता. परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचण्यातच निवृत्तीचा अर्धा वेळ जाई. उरलेल्या अर्ध्या वेळात तो काठावर पास होण्यापुरतं लिही. तोंडी परीक्षेत मात्र परीक्षक स्वतःच काही गोष्टी लिहून घेत.

मागच्या थंडीत गावाजवळच्या कापूस संशोधनाच्या सरकारी मळ्यावर एक विलायती प्रोफेसर आले. निवृत्ती तिथे नोकरीला होता. त्याने कपाशीच्या ढिगात हात घातला आणि हे वाण कुठलं, कुठल्या मातीतलं, वेचणी पहिली की तिसरी, हे सांगितलं. खुश होऊन प्रोफेसरांनी स्वतःचं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. निवृत्तीने ते परत केलं आणि म्हणाला, "साहेब, वाचून दाखवा."

प्रोफेसर हसले नाहीत. त्यांच्या देशातही अशी हुशार माणसं असतात, म्हणाले. डॉक्टरांनी त्या त्रासाला नावसुद्धा दिलं आहे. हे ऐकून निवृत्तीला धीर आला. नाव आहे म्हणजे कुठेतरी फॉर्म असणार, आणि फॉर्म आहे म्हणजे तो भरता येणार. पुढे प्रोफेसरांनी सगळी खटपट केली. विद्यापीठ त्याची परीक्षा तोंडी घेणार होतं, पुस्तकं वाचून दाखवायला एक वाचक देणार होतं. फक्त दाखला हवा होता. बोट पोळा झाल्यावर सुटणार होती. दाखला नाही तर जागा नाही.

"बोभाटा नोको करू," पुंजाजींनी बजावलं. "तुले वाचता येत नाई हे आपल्या घराबाहेर कोनाले मालूम नाई. गुपचूप जा, गुपचूप ये."

घराबाहेर कुणालाच माहीत नाही, अशी घोप्यांच्या घरातली समजूत होती.

तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर होते. डॉ. शरच्चंद्र बेडेकर, मूळचे पुण्याचे, बदलीवर आलेले. वऱ्हाडी त्यांना समजे, पण समजल्यावर ते थोडा वेळ गप्प बसत. निवृत्तीच्या आधी एका जिनिंगवाल्याचे मुनीमजी आत गेले होते. मधे नुसता पडदा होता. मुनीमजींचे डोळे उत्तम होते आणि ते उत्तम आहेत हे सगळ्या दवाखान्याला कळावं अशी त्यांची इच्छा होती. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं त्यांनी खणखणीत आवाजात, वरपासून खालपर्यंत, एकही न गाळता वाचली; डॉक्टर शेवटच्या ओळीआधीच त्यांची चिठ्ठी लिहायला लागले होते.

मग निवृत्ती आत गेला.

"काय दिसतं समोर?" डॉक्टरांनी विचारलं.

निवृत्तीला खरं सांगायचं होतं. घरून तो तेच ठरवून निघाला होता. पण 'वाच' म्हटल्यावर ऐकलेलं म्हणून टाकायचं, ही त्याच्या जिभेला बिगरीपासूनची सवय. त्याचा विचार सुरू होईतो जिभेने तक्ता अर्धा संपवला होता. ती शेवटच्या ओळीपाशी पोचली, आणि तिथेही थांबली नाही.

"...मुद्रक, सुलभ छापखाना, सर्व हक्क स्वाधीन."

डॉक्टर खुर्चीवरून उठले. तक्त्यापाशी गेले. चष्मा पुसला, कपाळावर सरकवला, नाक भिंतीला टेकवलं. तक्त्याच्या अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, छापखान्याचं नाव होतं. ते तिथे आहे हे त्यांनाही आजच कळत होतं.

"या जिल्ह्यात मी असे डोळे पाहिले नाहीत," ते म्हणाले. "आता बोला, तक्रार काय?"

"मले वाचता येत नाई."

डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले.

"साहेब, मी वाचलं नाई, मुनीमजीचं आयकलं. तुमी दुसरं काई द्या."

डॉक्टरांनी टेबलावरचं वर्तमानपत्र त्याच्यापुढे ढकललं. आता याला योगायोग म्हणा की निवृत्तीचं नशीब म्हणा, पण सकाळपासून बाहेरच्या बाकावर कंपाउंडर तेच वर्तमानपत्र रोग्यांना वाचून दाखवत होता. निवृत्तीने मथळा कसाबसा ओळखला, आणि पुढची सबंध बातमी जिभेने आपल्या जबाबदारीवर पुरी केली.

"हे पाहा," डॉक्टर म्हणाले, "मला थट्टा आवडत नाही असं नाही. पण सरकारी वेळेत आवडत नाही. तुम्हाला वाचता येत नसेल तर ते तुमच्या शाळेला माहीत असेल, गावाला माहीत असेल. हेडमास्तरांचं पत्र आणि गावच्या पंचांचा जबाब पाठवा. त्यांनी लिहून दिलं तर मी सही करीन."

अशा रीतीने जी गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नव्हती, ती सरकारी हुकुमाने गावापुढे मांडायची वेळ आली.

शाळेचे हेडमास्तर गोपाळ गुरुजी यांनी निवृत्तीचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग टोपी डोक्यावर ठेवली. गंभीर बोलायचं असलं की ते आधी टोपी घालत.

"माझ्या शाळेतून मॅट्रिक झालेल्या मुलाला वाचता येत नाही, असं मी लिहून देऊ?"

"खरं हाये ते, गुरुजी."

"खरं-खोटं तू मला सांगू नकोस. मी तुझा गुरुजी आहे."

आणि त्यांनी तिथल्या तिथे पत्र लिहिलं, की निवृत्ती पुंजाजी घोपे याच्यासारखा वाचक आपल्या सबंध नोकरीत आपण पाहिला नाही. मजकूर अक्षरशः खरा होता, ही गोष्ट वेगळी.

सरपंच भगवानराव पाटलांकडे निवृत्ती पोचण्याआधी बातमी पोचली होती. वाटेत तिचा आकार थोडा बदलला होता. तालुक्याचा कुणी डॉक्टर वडनेरच्या पोराला अडाणी म्हणतो आणि त्याची विलायत रोखून धरतो, अशी ती झाली होती. चावडीपुढे गाव जमलं.

"कोन म्हन्ते निवृत्तीले वाचता येत नाई?" भगवानराव गरजले.

"मी म्हन्तो," निवृत्ती म्हणाला.

"तू मंधात बोलू नोको बे! इथं तुह्या इज्जतीचा सवाल चालू हाये!"

"पाटील, तसा दाखलाच पायजे मले!"

"पोट्टं घाबरलं," मागून हॉटेलवाले कडूबा म्हणाले. "डॉक्टरनं दम देल्ला असन."

"कडूबा, तुमी तरी आयका!"

"आयकाचं काय? रोज सकायी माह्या हाटेलात बसून पेपर वाचतं कोन? तूच ना?"

 रोज सकाळी तो कडूबांच्या हॉटेलात पेपर घेऊन बसे, हे खरंच होतं. कडूबा भजी तळता तळता त्यातलं खांद्यावरून डोकावून मोठमोठ्याने म्हणत, हेही खरं होतं. पण ते कुणी विचारलं नव्हतं.

पंचनामा झाला. 'सदर इसम उत्तम वाचतो, स्पष्ट वाचतो, व यापुढेही वाचत राहील.' खाली गावाने अंगठे उठवले. सही करता येणाऱ्यांनीही अंगठेच उठवले. सरकारी कागदावर सही बदलू शकते, अंगठा बदलत नाही, असं वडनेरचं ठाम मत होतं. पंचनामा आणि गुरुजींचं पत्र कोतवालाबरोबर त्याच दिवशी रवाना झालं.

एक मनुष्य उत्तम वाचतो अशी ग्वाही देणारा कागद, आणि त्यावर सगळे अंगठे. डॉक्टर बेडेकरांनी तो कागद खूप वेळ न्याहाळला. मग त्यांनी जीप काढायला सांगितली.

"एक तर तो मुलगा मला बनवतोय," ते कंपाउंडरला म्हणाले, "नाहीतर गाव बनवतंय. कोण ते कळल्याशिवाय मला जेवण जाणार नाही."

जीप वडनेरला पोचली तो पहिला श्रावणी सोमवार होता, दिवस कलला होता, आणि महादेवाच्या देवळात पोथी सुरू व्हायची होती. पोथी वाचणार निवृत्ती. आधीच्या वाचकबुवांची नजर गेल्यापासून पोथी निवृत्तीकडे होती. लहानपणापासून त्याने ती इतक्या वेळा ऐकली होती, की ओव्या त्याला पाठ होत्याच, पण बुवा कुठल्या ओवीला खोकत हेही पाठ होतं. पानं तो अंदाजाने उलटत असे. गावाला वाटे, काय पोरगा वाचतो!

"या, डॉक्टरसाहेब, या!" भगवानरावांनी त्यांना थेट पोथीसमोर बसवलं. "आता तुमच्याच डोयानं पाहा. डोयाचेच डॉक्टर ना तुमी?"

निवृत्तीला संधी कळली. आज अडखळायचं. डॉक्टरांसमोर, भर देवळात, असं अडखळायचं की दाखला तिथल्या तिथे मिळाला पाहिजे. पण वडनेरात पोथीचा एक नेम होता. वाचताना चूक झाली की अध्याय पहिल्यापासून धरायचा, आणि अध्याय पुरा झाल्याशिवाय सोमवारचा फराळ कुणी करायचा नाही.

त्याने सुरुवात केली. बराचसा मजकूर गेला आणि तो जाणूनबुजून एका ओवीवर अडला.

 मग बायकांच्या बाजूने अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला. म्हातारीला दिसत कमी होतं, पण उपास ती निर्जळी करी. "चुकला वं माय. आता पहिल्यापासून."

"पहिल्यापासून," गाव म्हणालं. त्या एका शब्दात सकाळपासूनची भूक होती.

निवृत्तीने पुन्हा धरलं. पुन्हा त्या ओवीपाशी आला. वर पाहिलं. समोर सगळं गाव कोरड्या ओठांनी त्याच्याकडे पाहत होतं. अन्नपूर्णाबाई खांबाला टेकल्या होत्या. घरोघरी फराळाच्या भगरीची भांडी उतरून ठेवलेली होती. विलायत एकीकडे आणि म्हातारीचा घसा एकीकडे. निवृत्ती वाईट मुलगा नव्हता. त्याने सबंध अध्याय एका दमात, बुवांच्या खोकल्यासकट, बिनचूक म्हणून टाकला.

डॉक्टरांनी बॅग बंद केली. "उत्तम," ते म्हणाले. "दाखला मिळणार नाही. आणि सत्कारासाठी हार वगैरे आणला असेल तर तोही राहू द्या."

निवृत्ती उठून त्यांच्यापुढे उभा राहिला.  "साहेब, मी आतापरेंत गावात कोनाले हे म्हटलं नाई. शरम वाटे. आता म्हनून राह्यलो तं कोनी आयकत नाई. तुमच्या खिशातला एखादा कागद द्या. जो इथं कोनी वाचला नाई असा. एकच डाव."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी बॅगेतून एक घडी केलेला कागद काढला. हिवतापाच्या फवारणीबद्दलचं सरकारी परिपत्रक होतं, त्याच दिवशी टपालाने आलेलं. ते त्यांनी स्वतःही वाचलेलं नव्हतं. "वाचा."

निवृत्तीने कागद हातात घेतला. ओळी हलू लागल्या. त्याने बोट ठेवलं, बोट घसरलं.  पण हे वडनेरला सोसवेना.

कडूबा निवृत्तीच्या मागे येऊन उभे राहिले. मान लांब केली. "वि... विषय," ते कुणाशीच न बोलता मोठ्याने म्हणाले. "फवारनीबाबत. आपलं सहजच वाचून राह्यलो."

"फवारणी," गोपाळ गुरुजींनी दुरुस्ती केली. तेही आता डोकावत होते. "फवारणीबाबत. संदर्भ, या कार्यालयाचे पत्र... पुढचं मी माझ्यासाठी वाचतो आहे, कुणी लक्ष देऊ नये."

"सर्व ग्रामपंचायतींना कळविन्यात येते की," भगवानराव घसा खाकरून म्हणाले, "आता ग्रामपंचायत म्हंजे मीच, तं मले वाचनं भागच हाये."

तिघांनी एकाच वेळी, तीन चालींवर, परिपत्रक म्हणायला सुरुवात केली. मागची माणसं टाचा उंचावू लागली. एवढ्यात अन्नपूर्णाबाई खांबापासून ओरडल्या, "बाप्पाहो, एक एक जन वाचा ना! पोट्ट्याले आयकू काय जाईन?"

सगळे थांबले.

डॉक्टर हळूच वळले. "त्याला ऐकू का गेलं पाहिजे, आजी?"

म्हातारीने पदर तोंडाला लावला. "मी काई नाई म्हटलं."

भगवानरावांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी कडूबांकडे पाहिलं. कडूबांनी आधी देवाकडे पाहिलं, मग भगवानरावांकडे.

"पाटील, म्हंजे तुमालेबी मालूम हाये?"

"मले त पह्यलेपासून मालूम हाये! तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाई. मले वाटलं, मलेच मालूम हाये."

"माझी अशी समजूत होती," गुरुजी टोपी काढत म्हणाले, "की हे शाळेबाहेर कुणालाही माहीत नाही."

मग एकेक बाहेर येऊ लागलं. निवृत्ती शाळेत असेतो गुरुजी प्रत्येक परीक्षेत प्रश्नपत्रिका सगळ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवत, 'छपाई फिकी आहे' या सबबीवर. छपाई कधीच फिकी नव्हती. एसटीचा कंडक्टर प्रत्येक थांब्याचं नाव ओरडतो ते भगवानरावांनी त्याला दर पोळ्याला पुरणपोळी घालून लावलेलं वळण होतं, कारण निवृत्ती एकदा पाटी न कळल्यामुळे दोन गावं पुढे गेला होता. आणि कडूबा! कडूबांना मुळात वाचताच येत नव्हतं.

"तो पेपर घेऊन बसे," कडूबा सांगू लागले. "मी पाहो, तं पान काई उलटत नाई. म्हटलं, पोराले वाचून दाखवाले पायजे कोनीतरी. मंग गेलो प्रौढायच्या वर्गात. या वयात पाटी घेतली बाप्पा हातात. भजे जयले माह्ये, पन जोडाक्षरं आली."

त्या प्रौढांच्या वर्गात कडूबांच्या मागोमाग निम्मं वडनेर गेलं होतं. प्रत्येकाचं कारण एकच, आणि ते प्रत्येकाने दुसऱ्यापासून लपवलेलं. साक्षरतेच्या मोहिमेत वडनेरला ढाल मिळाली, ती चावडीत टांगलेली होती. ती ढाल एका न वाचणाऱ्या मुलामुळे मिळाली, हे ढाल देणाऱ्या साहेबांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

निवृत्ती कागद धरून उभा होता. आजवर त्याला वाटत आलं होतं, की वडनेरचे लोक मुळातच मोठ्याने वाचणारे आहेत.

"मंग चावडीवर काऊन नाई बोलले?" त्याने विचारलं.

"तुही शरम तुले, आमची आमाले," भगवानराव म्हणाले. "चार लोकायसमोर तुले उघडं पाडाचं काय?"

डॉक्टरांनी निवृत्तीला एकट्याला जीपपाशी नेलं. गावाला देवळातून बाहेर यायची बंदी केली. गाव खिडक्यांतून पाहत राहिलं. तिथे निवृत्तीने परिपत्रकाचा विषय आणि संदर्भ सोडून पुढची ओळ वाचायला घेतली. सूर्य खाली गेला, ओळ तशीच राहिली. डॉक्टरांनी कागद काढून घेतला आणि सबंध परिपत्रक एकदाच वाचून दाखवलं. मग म्हणाले, "सांग."

निवृत्तीने सांगितलं. जावक क्रमांकापासून, औषधाच्या मापापासून, 'प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी' इथपर्यंत. डॉक्टर ज्या शब्दाला अडखळले होते, त्याला अडखळलाही.

डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले. पण हे गप्प बसणं नेहमीचं नव्हतं. "पाच वर्षं मी मेडिकल कॉलेजात पाठ करत होतो," ते शेवटी म्हणाले. "आणि माझा समज होता की मला कष्ट पडले."

दाखला लिहायला ते देवळाच्या पायरीवरच बसले. पण पंचांचा जबाब बदलून हवा होता, आणि तिथे भगवानराव अडून बसले. 'येत नाही' हे शब्द वडनेरच्या कागदावर उमटणार नाहीत.

"अहो, पण येत नाही ना!"

"येते. जरा दुसऱ्या रस्त्यानं येते."

बरीच ओढाताण झाली. अन्नपूर्णाबाईंनी भगर निवते म्हणून दोनदा आठवण केली. शेवटी गुरुजींनी वाक्य काढलं आणि ते दोन्ही बाजूंना मान्य झालं: 'सदर इसमाचे डोळे उत्तम, बुद्धी उत्तम, व तो कानाने वाचतो.' डॉक्टरांनी खाली स्वतःच्या इंग्रजीत जे लिहायचं ते लिहिलं, शिक्का मारला, आणि वडनेरात पोटभर भगर-आमटी खाऊन ते गेले.

विलायतेचं उत्तर पोळ्याच्या आधी आलं. जागा पक्की. विद्यापीठ वाचक देणार. फक्त एक गोष्ट कळवावी: आजवर उमेदवाराला कोण वाचून दाखवत होतं, त्या व्यक्तीचं नाव आणि तिची वाचण्याची पद्धत, म्हणजे नव्या वाचकाला तशी सूचना देता येईल.

त्या व्यक्तीचं नाव ठरवायला चावडीपुढे गाव जमलं आणि भांडण जुंपलं. कडूबा म्हणाले, पेपर आपण वाचला. गुरुजी म्हणाले, पाया आपण घातला. ज्यांनी त्याला एखादी लग्नपत्रिका वाचून दाखवली होती, तेही पुढे सरसावले. कोकिळा मागे भिंतीशी उभी होती. तिने कापसाची, मातीची, किडींची, खतांची सगळी पुस्तकं वाचली होती. पण ती काही बोलली नाही, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं.

"कोकिळाचं नाव टाका," निवृत्ती म्हणाला.

गावाने तिच्याकडे वळून पाहिलं. मग गुरुजींनी टोपी घातली, कागद ओढला, आणि विद्यापीठाला गावातर्फे अर्जच लिहायला घेतला. लिहून झाल्यावर तो एकदा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. इंग्रजी करायचं काम अर्थातच कोकिळाकडे आलं. दुसऱ्या दिवशी तिने तर्जुमा पुरा केला आणि पाकीट बंद करण्याआधी भावाला वाचून दाखवला.

निवृत्ती ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "शेवटचं राह्यलं."

"काय राह्यलं? झालं सगळं."

"शेवटचं कलम. तू सोडलं ते."

"ते लिवाचं असते काय दादा? हासतीन ते लोकं आपल्याले."

"हासू दे. लिव. मी सांगतो." आणि निवृत्तीने डोळे मिटून, गुरुजींच्याच आवाजात, एकदाच ऐकलेलं कलम तिला सांगितलं:

'सबब मेहरबान विद्यापीठाचे सेवेशी विनंती अर्ज की, वर नमूद उमेदवाराने आजवर केलेला सर्व अभ्यास कोकिळा पुंजाजी घोपे, राहणार मौजे वडनेर भोलजी, जिल्हा बुलढाणा, हिने मोठ्याने वाचला असून वाचताना तो तिच्याही कानी पडलेला आहे. करिता उमेदवार पास झाल्यास पदवीच्या दोन प्रती काढण्यात येऊन दुसरी प्रत सदर इसम बाईचे नावे, तिला विलायतेस येण्याची तोशीस न देता, परतटपाली रवाना करण्याची तजवीज व्हावी.'